बाळंतिणीच्या खोलीचा थर्मोस्टॅट

नानांकडे भाड्याने राहायला गेले त्या पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यापुढे सहीसाठी कागद ठेवला. मला वाटलं भाडेकरार असणार. बघते तर वर ठळक अक्षरांत 'कामाचा परवाना' आणि खाली कामाचं स्वरूप: 'वरच्या मजल्यावरील नळाचा वायसर बदलणे.' काम देणारा म्हणून नानांची सही आधीच झालेली होती. काम घेणारी म्हणून माझी हवी होती.

"पण नाना, वायसर तर तुम्हीच बदलणार ना?"

"मीच बदलनार. पन परवाना मीच देला अन् मीच घेतला, तं त्याले काय अर्थ राह्यला? दोन सह्या लागतात, मॅडम. एक मानूस चुकतो. दोन मान्सं भांडतात, अन् भांडता भांडता चूक सापडते."

मी सही केली. वायसर बदलायला पाच मिनिटं लागली आणि परवाना 'काम पूर्ण' असा शेरा मारून फायलीत लावायला वीस.

नानांनी सगळी नोकरी दीपनगरच्या वीज केंद्रात बॉयलरपाशी काढली होती. फोरमन म्हणून निवृत्त झाले, म्हणजे केंद्राच्या दप्तरी झाले. घरी त्यांची पाळी चालूच होती. मी धुळ्याची, दीपनगरजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला आलेली. सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालत असले की नाना चहाचा कप घेऊन वर यायचे, लांबवरच्या चिमणीच्या धुराकडे डोळे बारीक करून बघायचे आणि "आज कोयसा ओला हाये" किंवा "आज पोरं बरी चालवून राह्यली" असा शेरा मारून खाली जायचे. तो शेरा खाली वहीत चढायचा.

त्या वहीत घराच्या तीन पाळ्या लिहिलेल्या असत: सकाळ, दुपार, रात्र. मी एकदा चाळली होती. 'सकाळ पाळी: दूध उतू गेले. जबाबदार: दूध.' 'दुपार पाळी: शेवभाजी अतितिखट. कारण तपासात आहे.' 'रात्र पाळी: मॅडम उशिरा आल्या. गेट सुस्थितीत.' मी त्यात गेटच्या खालच्या दर्जाची होते हे मनाला लागलं, पण त्यांच्या हिशेबी गेट बिघडलं असतं तर काम निघालं असतं आणि माझ्यात काही काम निघण्यासारखं नव्हतं.

आणि पाट्या! केंद्रात काम चालू असलेल्या स्विचवर लाल पाटी लावतात आणि ज्याने लावली त्यानेच ती काढायची, असा कडक नियम असतो. नानांनी तो घरभर पसरवला होता. मिक्सर उघडलेला असला की पाटी. लोणच्याच्या बरणीवर पाटी: 'मुरत आहे, उघडू नये.' दुपारी स्वतः झोपले की खाटेच्या खुराला पाटी: 'देखभाल चालू.' एकदा गल्लीतल्या कुत्रीला पिल्लं झाली तेव्हा तिच्यापाशीही पाटी होती, आणि गंमत म्हणजे गल्लीतलं कोणी तिकडे फिरकलं नाही.

नानांच्या बायकोला सगळे अक्का म्हणत. त्या साक्री तालुक्यातल्या, लग्न होऊन चाळीस वर्षं इकडे काढली तरी त्यांची अहिराणी तसूभर हलली नव्हती. मी धुळ्याची म्हणून माझ्यावर त्यांचा माहेरच्या माणसासारखा जीव. पाट्यांबद्दल त्या मला एकदा म्हणाल्या, "बठ्ठा घरले पाट्या लाई दिध्यात. आते मना गळाच र्‍हायना." नानांनी हे ऐकलं आणि वहीत लिहिलं, 'सूचना विचारार्थ.'

आता त्या हिवाळ्याचं सांगते. खानदेश म्हटलं की लोकांना उन्हाळाच आठवतो, आणि आठवावाच असा तो असतो. पण डिसेंबरातल्या पहाटे केळीच्या बागेवरून येणारं वारं एकदा अंगाला लागलं की माणूस उन्हाळ्याची माफी मागतो. नेमकी त्याच महिन्यात नानांची मुलगी, बेबीताई, बाळंत होणार होती. पुण्याला एका कारखान्यात ती मालाची तपासणी करायची. मुलगी कोणाची, हे सांगायला नको. हे तिचं दुसरं बाळंतपण. पहिलं याच घरात झालं होतं आणि ते नीट पार पडलं नव्हतं.

"नाना, मागच्या वेळचं आठवतंय ना?" ती फोनवर म्हणाली. नाना फोन नेहमी मोठ्या आवाजावर लावत, कारण संदेश दोघांनी ऐकावा असा नियम होता. दुसरी मीच असायची. "खोलीत शेगडी, वर ओव्याची धुरी. चाळीस दिवस बाळापेक्षा मीच जास्त खोकले. डॉक्टरांनी या वेळी धूर अजिबात नको म्हणून सांगितलंय. धुराशिवाय खोली गरम राहणार असेल तर येते. नाहीतर इथे फ्लॅट आहे, हीटर आहे, सासूबाई आहेत."

शेवटचे दोन शब्द नानांच्या वर्मी बसले. अक्का दारातून ऐकत होत्या. त्या दिवशी भाकरी जळाली, आणि अक्कांची भाकरी कधी जळत नाही.

"सव्वीस अंश," नाना फोनमध्ये गरजले. "धूर शून्य. लिहून देतो."

"लिहून नको. सलग सात दिवस, पहाटे पाचला, तापमापकाचा फोटो पाठवा. सातही पास झाले तर मी गाडीत बसते."

मी नानांना सुचवलं की बाजारात तयार हीटर मिळतो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या पदवीची लाज वाटली. "हीटर? तो हवा सुकवते. बायाचं नाक सुकते. अन् लोकं काय म्हनतीन, बॉयलरवाल्याच्या पोरीले हीटर?"

तेव्हा नानांनी त्या खोलीत एक लहानसं वीज केंद्रच बसवलं, फक्त वीज न निघणारं. मोरीच्या माळ्यावर मोठा गीझर. त्यातून निघून खोलीच्या भिंतींच्या कडेने जमिनीलगत फिरणारा लोखंडी पाइप, आणि मध्ये गरम पाणी फिरवणारा छोटा पंप. गरम जाणारा पाइप लाल, गार होऊन परतणारा निळा. अक्का पाइपांकडे बघून म्हणाल्या, "हाई काय शे? बायतीननी खोलीमा पानीना पाइप? शेक कोठे शे?"

"यातच शेक हाये," नाना म्हणाले. मग वळून मला म्हणाले, "तिले सांगून फायदा नई. तुम्ही सायन्सच्या, तुमाले समजते."

मला तेव्हा बरं वाटलं होतं. आज ते आठवून बरं वाटत नाही.

राहिला प्रश्न पंप कधी चालू आणि कधी बंद हे ठरवायचा. नानांचा थोरला मुलगा परदेशात, बर्फाच्या देशात. त्याने आपल्या घरातला जुना थर्मोस्टॅट काढून पाठवला. पांढरी चौकोनी डबी, तिच्यावर छोटा पडदा, पडद्यावर अंश. खोली गार झाली की ती डबी भट्टीला 'चालू हो' म्हणून सांगते आणि गरम झाली की 'पुरे' म्हणते, एवढंच तिचं काम. तिकडच्या घरात तीच डबी उन्हाळ्यात गारव्याचं यंत्रही चालवते. आपल्याला फक्त गरम करायचं होतं. पुस्तिका वाचून मी नानांना सांगितलं की नुसत्या गरमीसाठी दोनच तारा पुरतात: एकीतून वीज येते, दुसरीतून हुकूम जातो.

नाना खूश झाले. भिंतीतल्या जुन्या नळीतून डबीपासून माळ्यावरच्या विजेच्या पेटीपर्यंत बरोब्बर दोन तारा आधीपासून होत्या. पूर्वी तिथे घंटी होती. डबीला चोवीस व्होल्ट लागतात, तो ट्रान्सफॉर्मर त्यांनी एका मेलेल्या झेरॉक्स मशीनच्या पोटातून काढला. परवाना निघाला. मी सही केली. तारा जोडल्या. पडदा उजळला: एकोणीस. नानांनी बटण दाबून सव्वीस मागितले.

पंप सुरू झाला. गुर्रर्र. आणि थांबला. पडदा विझला. मग पडदा उजळला. गुर्रर्र. थांबला. विझला. अर्ध्या अर्ध्या मिनिटाला हेच. नाना पाठीमागे हात बांधून तासभर ते बघत राहिले. शेजारच्या काकू डोकावून म्हणाल्या, "नाना, तुमच्या पंपाला उचकी लागली हो."

उचकी म्हटल्यावर अक्का हातातलं काम टाकून आल्या. उचकी लागली म्हणजे कोणीतरी आठवण काढतंय, आणि बरोबर माणसाचं नाव घेतलं की ती थांबते, हे काय त्यांना शिकवायला हवं होतं? त्या पंपासमोर पाटावर बसल्या आणि एकेक नाव घेऊ लागल्या. थोरला मुलगा झाला, सून झाली, साक्रीचे दोन्ही भाऊ झाले, नाशिकची बहीण झाली. पंप उचकतच होता. मग त्या हळूच म्हणाल्या, "बेबी."

पंप सलग चालू लागला.

मी शास्त्राची शिक्षिका, पण माझ्या अंगावर काटा आला. अक्कांनी पदर तोंडाला लावला. "याद करी र्‍हायनी पोर." नानांनी वहीत लिहिलं, 'उचकी थांबली. कारण: अद्याप अज्ञात.' दोन मिनिटांनी पंप पुन्हा उचकू लागला तेव्हा आम्हा तिघांत सगळ्यात जास्त वाईट मला वाटलं.

पुस्तिका पुन्हा वाचली तेव्हा उलगडा झाला. खोली तापवायला दोन तारा पुरतात, पण पडद्यालाही जगायला वीज लागते, आणि तिची परतीची वाट म्हणजे तिसरी तार. ती नसली की डबी त्याच दोन तारांतून चोरून पोट भरते. पण 'चालू हो' असा हुकूम देताना दोन्ही तारा एकमेकींना जोडल्या जातात, मग चोरायला काही उरत नाही. डबी बेशुद्ध पडते, हुकूम सुटतो, पंप थांबतो. मग वीज परत येते, डबी शुद्धीवर येते, खोली गारच असते, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. बॅटरी घालायला त्या डबीत जागाच नव्हती.

"मग डबीजवळ वेगळा ॲडॉप्टर लावू," मी म्हटलं.

"दुसरीकून वीज?" नाना हादरलेच. "एका लायनीवर दोन बाजूनं वीज आली म्हनजे मान्सं मरतात, मॅडम. मी असताना नई."

"चोवीस व्होल्ट आहेत, नाना."

"विजेले ओयख लागत नई."

भिंत फोडून नवी नळी टाकायची तर अक्कांनी आधीच ताकीद दिली होती: बाळंतपणासाठी कालच रंग दिलाय, त्याला टिकलीएवढं भोक पडलं तरी घरात स्वयंपाक होणार नाही. उघडी तार भिंतीवरून न्यायची तर नानांना अपमान वाटत होता. दिवस सरत होते, पडदा विझलेला होता, आणि विझलेल्या पडद्याचा फोटो पाठवून मुलगी येणार नव्हती. नाना जेवता जेवता मध्येच थांबायचे. वहीत एका रात्री फक्त एवढंच होतं: 'तिसरी तार.'

शेवटी ते मला घेऊन भुसावळच्या वाइंडिंगवाल्या चाचांकडे गेले. चाचांचं मोटारी गुंडाळायचं दुकान. खानदेशातल्या निम्म्या विहिरींच्या मोटारी त्यांच्या हाताखालून गेलेल्या असाव्यात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पाइपाचे रंगसुद्धा. मग म्हणाले, "नाना, घर में बच्चा आ रहा है के इंजिन?" आणि उपाय सांगितला तो इतका साधा होता की नानांनी तो दोनदा सांगायला लावला. जुन्या तारांच्या एका टोकाला नव्या तीन तारा घट्ट बांधायच्या आणि दुसऱ्या टोकाकडून जुन्या ओढायच्या. जुनीच तार नवीला ओढून आणते. वाट अरुंद असेल तर पावडर लावायची.

घरात पावडर एकच होती, बाळासाठी आणलेली. अक्कांनी डबा छातीशी धरला. मग त्याच पुढे होऊन तारांना पावडर चोळायला बसल्या, एखाद्या बाळाला चोळावी तशी, आणि चोळताना काहीतरी गुणगुणत होत्या. नाना माळ्यावर, मी खाली. "ढकला!" नाना वरून ओरडायचे. मी ढकलायची. मध्ये एकदा तार अशी अडली की पुढे जाईना आणि मागे येईना. आम्ही दहा मिनिटं हिसके देऊन पाहिले. नानांनी वरून विचारलं, "परवान्यावर सही झाली होती ना?" झाली नव्हती. त्यांनी मला सही करायला लावली, मी केली, आणि तार सुटली. यामागचं शास्त्र मी आजही वर्गात सांगत नाही.

तिसरी तार जोडली. पडदा उजळला आणि उजळलेलाच राहिला. पंप न उचकता गुरगुरू लागला. अक्कांनी त्या डबीला हळदकुंकू लावलं, नानांनी त्यावर 'स्वच्छता राखावी' म्हणून आक्षेप नोंदवला, आणि सात दिवसांची परीक्षा सुरू झाली.

पहिला दिवस सव्वीस. दुसरा सव्वीस. तिसऱ्या पहाटे पडद्यावर एकोणतीस आणि खोलीत आम्ही कुडकुडतोय. नानांनी डबीला थोपटलं, पुन्हा पाहिलं, एकोणतीस. मग कळलं, भिंतीच्या पलीकडे स्वयंपाकघरात बरोबर तिथेच गॅस होता आणि अक्का पहाटे उठून कळण्याच्या भाकरी थापत होत्या. डबी भिंतीमागची भाकरी मोजत होती. नानांनी गॅसला पाटी लावली: 'पहाटे चार ते सहा भाकरी बंद.' अक्का म्हणाल्या, "म्हनजे तुमनी डबी येडी शे. जठे तापाडी, तठेच पाहस." पाऊण तासात भिंत निवली, पंप चालला, आणि पाचच्या ठोक्याला सव्वीसचा फोटो गेला. चौथा, पाचवा, सहावा दिवसही पास. बेबीताई प्रत्येक फोटोला फक्त एक बरोबरची खूण पाठवायची, दुसरं काही नाही.

सातव्या पहाटे वीज गेली. गल्लीच्या डीपीचा फ्यूज उडाला. त्यात आमच्या गीझरचा वाटा किती, यावर गल्लीत अजून दोन मतं आहेत. घरात इन्व्हर्टर होता, त्यामुळे दिवा, पंप आणि डबी जागे होते, पण गीझर नाही. पंप आज्ञाधारकपणे गार पाणी खोलीभर फिरवत होता. नाना फ्यूज घालायला माणसं गोळा करायला गेले. मी शाल गुंडाळून खाली आले. पाचला नाना हात हलवत परतले, लाइनमन यायला वेळ होता. त्यांनी आशेने नाही, नुसती नोंद करायची म्हणून, पडद्याकडे पाहिलं.

साडेसव्वीस.

नानांनी पाइपावर हात ठेवला. गार. पडद्याकडे पाहिलं. साडेसव्वीस. मग वाकून डबीच्या खाली पाहिलं. तिथल्या स्टुलावर जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेल्या दोन विटा होत्या, चांगल्या तापवलेल्या. अंगणात शेगडी धगधगत होती. अक्का दारात उभ्या होत्या आणि जन्मात पहिल्यांदा त्यांना पदर कुठे घ्यावा ते सुचत नव्हतं.

"फोटो काढा," त्या म्हणाल्या. "काढा आनि धाडा. मनी आंडेर, मनी बेबी, येवाले जोयजे. बस."

मी नानांकडे पाहिलं. मनातून मला वाटत होतं, काढावा फोटो. कोणाचं काय जाणार होतं? नानांचा हात मोबाइलवर गेला आणि खाली आला. मग त्यांनी फडक्यासकट दोन्ही विटा उचलल्या आणि बाहेर नेऊन ठेवल्या. पडदा पंचवीसवर आला, तेवीसवर आला, वीसवर येऊन टेकला. नानांनी फोटो काढला आणि खाली लिहिलं. मी बाजूला होते म्हणून शब्दन्शब्द आठवतो: 'सातवा दिवस. वीज नाही. ५.०० वाजता साडेसव्वीस, कारण दोन गरम विटा, ठेवणार तुझी आई. विटा काढल्यावर वीस. नापास.'

अक्का जमिनीवर बसल्या आणि रडू लागल्या. मला नानांचा इतका राग आला की त्यांच्या त्या वहीची, परवान्यांची आणि पाट्यांची अंगणातल्या शेगडीत होळी करावी असं वाटलं. ते भिंतीकडे तोंड करून उभे होते. त्यांची पाठ हलत होती हे मला नंतर दिसलं.

फोन वाजला. नानांनी तो नेहमीसारखा मोठ्या आवाजावर लावला.

"आईला द्या," बेबीताई म्हणाली. "अक्का, त्या विटांना धूर होतो?"

अक्कांनी नाक पुसलं. "धूर शेगडीले र्‍हास. शेगडी आंगनमा. खोलीमा नुसत्या विटा लयन्या, फडकामा गुंडाळीसन. धूर कसाना?"

"आणि किती वेळ टिकतात?"

"दोन घंटा. मंग दुसऱ्या."

"मग मागच्या वेळी शेगडी आत का ठेवली होती?"

"तवय तुनी आत्या बसेल व्हती खोलीमा, तिनी सांगं. माले कोन्ही इचारंच नही."

"आणि या वेळी?"

"आते बी कोठे इचारं?"

मी पायाच्या अंगठ्याकडे बघत होते, कारण दोन महिने 'तुमाले समजते' हे ऐकून मीही फुगले होते, आणि मीही विचारलं नव्हतं.

"नाना," बेबीताई म्हणाली, "वीज असेल तोवर तुमचा पंप. गेली की अक्काच्या विटा. मी रविवारच्या गाडीत बसते."

फोन बंद झाला. नाना तो हातात धरून उभे होते. अशा वेळी ते हुकूम देत: हे आणा, ते बंद करा, सही करा. आज मात्र ते घसा खाकरून अक्कांच्या समोर उकिडवे बसले.

"किती इटा लागतीन?"

अक्कांनी त्यांच्याकडे संशयाने पाहिलं. "आठ."

"कोनत्या?"

"पक्क्या भाजेल. तडकेल नको."

मी त्या घरात तोवर वर्षभर राहिले होते आणि नानांनी अक्कांना प्रश्न विचारलेला मी पहिल्यांदाच ऐकत होते. माझा राग कुठच्या कुठे गेला आणि मलाच रडू फुटलं. ती दोघं मागच्या अंगणात गेली, जिथे पाण्याच्या टाकीचं बांधकाम उरकल्यावर उरलेल्या विटांची रास होती. उजाडायला लागलं होतं. नाना एकेक वीट उचलून, फुंकर मारून, बोटाने वाजवून अक्कांपुढे धरत होते.

"ही चालीन?"

"नही."

"अन् ही?"